झाकणावरचं नाव

किशोर पगारेच्या घरात बेचाळीस मनगटी घड्याळं होती आणि किती वाजले ते बघायला सगळे भिंतीवरच्या त्रेचाळिसाव्याकडे बघत. ते प्लॅस्टिकचं होतं, कुठल्याशा पतसंस्थेनं दिवाळीला सभासदांना वाटलेलं, सेलवर चालणारं. बाकीची बेचाळीस लोखंडी कपाटात, मखमली अस्तराच्या ट्रेमध्ये निवांत पडलेली असायची. दर रविवारी सकाळी किशोर त्यांना बाहेर काढी, मऊ फडक्यानं पुसे, भिंग लावून निरखे आणि पुन्हा आत ठेवून कुलूप लावी. एवढ्या मायेनं त्यानं कधी स्वतःच्या पोरीचे केस विंचरले नव्हते.

हा नाद त्याला ब्याण्णव साली लागला. बुधवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून तो नाशिकच्या गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात जाई. तिथं भंगारवाले जमिनीवर गोणपाट अंथरून बसत. गंजलेले पाने, तुटके नळ, चष्म्यांच्या काड्या आणि त्यातच एखाद्या मेलेल्या माणसाचं घड्याळ. किशोर उकिडवा बसून तासन्‌तास तो ढीग चिवडायचा. ऑफिसात साहेबांनी हाक मारली तर दोनदा मारावी लागे, पण ढिगातून एखाद्या जुन्या एचेमटीचा काटा लुकलुकला की ह्या गड्याला वीस फुटांवरून दिसायचा.

आशानं नवऱ्याला कधी अडवलं नाही. तिचा नवरा पीत नव्हता, खेळत नव्हता, घरात पगार देत होता. उपनगरातल्या त्या कॉलनीत एवढं असलं की बायका म्हणत, नशीब काढलंस गं. आशा म्हणे, हो. आणि बारा वर्षं ऐकून ऐकून तिलाही त्यातलं सगळं कळू लागलं होतं. घड्याळाची डायल मूळची हवी, भले पिवळी पडलेली असो. कुणी हौसेनं नवा रंग मारून घेतला की संपलं. चावीवर कंपनीची खूण हवी. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासून चमकवलेली नको, कारण घासली की कडा मरतात. खोका असला तर उत्तम, बिल असलं तर फारच उत्तम. आणि सगळ्यांत भारी घड्याळ कुठलं? तर जे कुणी कधी घातलंच नाही ते.

"वापरलं की किंमत गेली," किशोर पाहुण्यांना सांगायचा.

आशा चहाचे कप गोळा करत हे ऐकायची. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला एकूणच फारसं काही वाटत नसे. पाय बधिर झाला की तो आपला आहे हे डोळ्यांना दिसतं, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. हे कधीपासून, ते मात्र तिला नेमकं ठाऊक होतं. तारखेनिशी ठाऊक होतं.

वीस मे एकोणऐंशी, तिच्या लग्नाचा दिवस.

आशाचे वडील मोतीराम नाशिकच्या भांडी बाजारात नावं घालायचे. लग्नाचं, बारशाचं, वास्तूचं भांडं घेतलं की लोक दुकानाच्या पायरीवर बसलेल्या मोतीरामपुढे ते ठेवत आणि नाव सांगत. मोतीराम छिन्नी टेकवत, इवल्या हातोडीनं टुकटुक ठोके देत आणि बघता बघता हंड्याच्या गळ्यावर टिंबाटिंबांचं अक्षर उमटे. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. आशा लहानपणी त्यांच्या शेजारी बसून डोळे मिटायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, हे तांबं, हे पितळ, हे स्टील. स्टील खणकायचं, पितळ जरा घोगरं बोलायचं. तिचं कधीच चुकत नसे. वडिलांना ती दादा म्हणे. दादा म्हणायचे, "माझ्या जागी हीच बसायची."

तिच्या लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं दादांच्या फार मनात होतं. तेव्हा एचेमटी सहजासहजी मिळत नव्हतं. ओळखीच्या भांडीवाल्यानं मुंबईच्या मेहुण्याला सांगून एक मिळवून दिलं: काळ्या डायलचं 'पायलट', खोक्यासकट. आणि मग दादांनी जे केलं ते त्यांच्यासारख्यालाच सुचावं. आयुष्यभर ज्यानं दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय ती दिल्यासारखी वाटली नाही, तो माणूस घड्याळ तरी कोरं कसं देईल? त्यांनी घड्याळजीकडून मागचं झाकण काढून आणलं, लाखेवर बसवलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारभर भिंग लावून त्यावर मोहरीएवढ्या अक्षरांत नाव घातलं. चि. किशोर यांस सप्रेम. मोतीराम. आणि खाली तारीख. स्टील इतकं कडक की पहिल्याच ठोक्याला छिन्नी उडून परत आली. दोन छिन्न्या मोडल्या. ही गोष्ट ते पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

मांडवात किशोरनं घड्याळ हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि मित्रांकडे वळून म्हणाला, "हे काय, तांब्या आहे का नाव घालायला?"

मित्र हसले, वऱ्हाडी हसले. दादाही हसले, कारण जावई हसला की सासऱ्यानं हसायचं असतं. आशानं ते हसणं बघितलं. तोंड हसत होतं आणि त्यांचा उजवा हात धोतराच्या काठाशी उगाचच काहीतरी चाचपत होता. त्या क्षणी तिच्यातलं काहीतरी झोपी गेलं आणि ते पुढे कित्येक वर्षं जागं झालं नाही. किशोरनं घड्याळ खोक्यात घातलं, खोका तिच्याकडे दिला, आणि तिनं तो शालूच्या घडीखाली ठेवून दिला.

किशोर दुष्ट होता असं कुणी समजू नये. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा बोलून विसरणाऱ्यांपैकी होता.

वीस वर्षं तो खोका तसाच पडून राहिला. नव्व्याण्णव साली कपाटात लाइट बिल शोधताना तो किशोरच्या हाती लागला आणि त्यानं घरात अशी आरोळी ठोकली की शेजारचे धावत आले.

"आशा! अगं पायलट! खोक्यासकट! एकदाही न घातलेलं!"

घरोघरचं भंगार चिवडत फिरणाऱ्याला स्वतःच्याच कपाटात घबाड मिळालं. तो अर्धा तास घड्याळाभोवती नाचत होता. काच स्वच्छ, डायल काळीभोर, पट्ट्याला घडीसुद्धा पडलेली नाही. मग त्यानं ते उलटं केलं आणि त्याचं तोंड पडलं.

"वाट लावली म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "नाव घातलेलं घड्याळ निम्म्यालासुद्धा कुणी घेत नाही."

पुढच्या दोन बुधवारांत त्यानं त्याच मापाचं, त्याच कंपनीचं कोरं झाकण पैदा केलं आणि बसवलं. नाव असलेलं झाकण त्यानं सुट्या भागांच्या डब्यात टाकलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तो. त्यात तुटके काटे, काचा, निकामी चाव्या आणि अशीच विसेक झाकणं होती. आशा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. झाकण डब्यात पडल्याचा आवाज तिनं ऐकला. स्टील, असं तिच्या मनात आलं. आणखी काही आलं नाही.

दोन हजार चारच्या जानेवारीत दादा त्यांच्याकडे राहायला आले.

भांडी बाजारात नावं घालायची विजेची मशिनं येऊन आठ वर्षं झाली होती. दुकानदार ते काम आता फुकटात करून देत. दादा घोटीला मुलाकडे राहत, आणि त्यांचे डोळे गेले होते. घोटीच्या डॉक्टरनं नाशिकला दाखवा म्हटलं म्हणून आशाचा भाऊ गुरुवारी त्यांना सोडून गेला. शुक्रवारी आशा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. काचबिंदू, फार उशीर झाला, आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं. दादांनीच उलट त्यांची समजूत घातली, "जाऊ द्या बाई. लय बघून झालं." रिक्षात ते एवढंच म्हणाले की उजेड-अंधार कळतो, तेवढं पुष्कळ. रविवारी भाऊ त्यांना परत न्यायला येणार होता.

त्याच रविवारी पुण्याहून एक गिऱ्हाईकही येणार होतं. एचेमटीचा मोठा संग्राहक. पायलटचे फोटो त्यानं आधीच बघितले होते आणि त्याची एकच अट होती: घड्याळ न वापरलेलं हवं, कुठंही ओरखडा नको. त्या व्यवहारात किशोरला पैशापेक्षा जास्त काहीतरी मिळणार होतं. पुण्याच्या त्या लोकांच्या मंडळात नाशिकचा पगारे म्हणून त्याचं नाव होणार होतं. शनिवारी सकाळी त्यानं पायलट बाहेर काढून पुसायला घेतलं. दादा बाजूलाच खुर्चीत ऊन खात बसले होते.

"काय करताय, जावईबापू?"

"काही नाही मामा, घड्याळं पुसतोय."

"घड्याळावरनं आठवलं," दादा म्हणाले. "त्ये आपलं लग्नातलं. घालता का कधी?"

पंचवीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. डोळे होते तोवर मनगट दिसत होतं. आता दिसत नव्हतं म्हणून विचारायची हिंमत झाली. किशोर क्षणभर गडबडला आणि मग आजारी माणसाशी जसं गोड बोलतात तसं बोलून गेला, "म्हणजे काय मामा! रोज घालतो. हे काय हातातच आहे."

"खरं? बघू."

आता नाही कसं म्हणणार? त्यानं पायलट दादांच्या तळहातावर ठेवलं. दादांनी ते उलटं केलं आणि झाकणावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला, कडेनं, मध्ये, वरून खाली. झाकण गुळगुळीत होतं. आशा तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

दादांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. आशाला आधी वाटलं ते रडणार. ते हसत होते.

"झिजलं," ते म्हणाले. "आशा, झिजलं गं पार!"

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा झाकणावरून फिरवला.

"तुम्हाला सांगतो जावईबापू, माळ्यावर टाकल्याल्या भांड्याचं नाव पन्नास वर्सांनी बघा, तसंच ऱ्हातं. पण रोजच्या वापरातलं भांडं असलं की हात लागून लागून नाव पुसतं. म्या कधी एवढं खोल घातलं नव्हतं, दोन छिन्न्या मोडल्या. आन्‌ तुम्ही पार सपाट केलं. किती घातलं असंल तुम्ही!" त्यांनी घड्याळ किशोरच्या हातात परत ठेवलं. "मला वाटायचं, आवडलं नाय तुम्हाला. पंचवीस वर्सं वाटायचं."

किशोर खाली बघत राहिला. त्याला लाज वाटली, अगदी खरी लाज वाटली. पण लाज वाटून गप्प बसण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

दादांनी लगेच खिशातून चंची काढली. त्यात पान-तंबाखूसोबत एक छिन्नी आणि इवली हातोडी होती. आठ वर्षं काम नव्हतं तरी ती जोडी खिशातून हलली नव्हती.

"काढून द्या झाकण. परत घालून देतो."

"कशाला मामा, डोळ्यांना त्रास…"

"डोळे कुठं हायेत? हात घालतो नाव."

किशोरनं आशाकडे बघितलं. उद्या सकाळी गिऱ्हाईक दारात येणार आणि आज ह्या कोऱ्या करकरीत स्टीलवर एक आंधळा म्हातारा छिन्नी चालवणार. त्याची नजर काकुळतीला आली होती. आशानं नजर वळवली आणि तांदळात घातली. तिनं 'द्या' म्हटलं नाही आणि 'देऊ नका'ही म्हटलं नाही.

मग किशोर उठला. दोन हातांवरच्या टेबलापाशी जाऊन त्यानं झाकण काढायचं अवजार उगाच खुडखुडवलं, पत्र्याचा डबा अलगद उघडला आणि त्याच मापाचं भलतंच एक झाकण बाहेर काढलं. कुठल्यातरी फालतू घड्याळाचं, वरून पांढरा मुलामा, आतून पितळ. ते त्यानं दादांच्या हातात दिलं. आशाच्या डोळ्यांदेखत दिलं.

"हे घ्या मामा."

दादांनी पाटा मागितला तेव्हा मोरीजवळचा पाटा आणून आशानं त्यांच्यापुढे ठेवला, वर ओलं फडकं घडी करून दिलं. दादांनी झाकण त्यावर धरलं, डाव्या अंगठ्यानं मधली जागा मापली, छिन्नी टेकवली आणि पहिला ठोका मारला.

आवाज घोगरा आला.

पितळ, आशाच्या मनात आलं. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली: जे तिला कळलं ते दादांना कळलं नसेल असं होणंच शक्य नाही. पन्नास वर्षं ह्या हातांनी तेच ऐकलं होतं. शिवाय छिन्नी उडून परत आली नव्हती, ती चांगली आत रुतली होती.

दादांचा हात थांबला. त्यांनी किशोरच्या दिशेनं तोंड केलं.

"हेच ना झाकण, जावईबापू?"

"हो मामा. हेच."

मघाचं हसू दादांच्या तोंडावर राहून गेलं होतं, ते आता त्यांनी सावकाश आवरून घेतलं. मांडवातल्या त्या दिवसासारखा त्यांचा उजवा हात धोतराचा काठ चाचपून आला. मग त्यांनी छिन्नी उचलली आणि पुन्हा ठोके द्यायला सुरुवात केली. टुक, टुक, टुक. आशाला वाटलं आपण उठावं, तो डबा त्यांच्या मांडीवर पालथा करावा आणि मांडवात करायचं राहिलेलं भांडण आज करावं. पण पंचवीस वर्षं झोपलेला पाय एकदम उभं राहू देत नाही. ती ऐकत बसली. दर टिंबाआधी दादा डाव्या हाताच्या नखानं मागचं टिंब शोधत. अर्धा तास गेला. एवढ्याशा कामाला पूर्वी त्यांना पाच मिनिटं लागत.

काम संपल्यावर त्यांनी फुंकर मारली, फडक्यानं पुसलं. किशोरनं हात पुढे केला होता. दादांनी झाकण आशाच्या बाजूला धरलं.

"जावईबापूंचं घड्याळ ऱ्हाऊ दे कोरं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कोऱ्यालाच किंमत असती म्हनं. हे तुला."

आशानं हातात घेऊन बघितलं. ओळ चढत गेलेली, टिंबं एकमेकांवर पडलेली. छापखान्यानं लाजावं असलं ते अक्षर राहिलं नव्हतं. पण वाचता येत होतं. 'आशा' एवढंच लिहिलं होतं. किशोरचं नाव नव्हतं, सप्रेम नव्हतं, तारीख नव्हती.

"पितळ हाय," दादा म्हणाले. "वापरीत जा."

रविवारी सकाळी भाऊ येऊन दादांना घेऊन गेला. अकराला पुण्याचं गिऱ्हाईक आलं, झाकण भिंगाखाली धरून बघितलं आणि म्हणालं, वा, कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. किशोरनं मान डोलावली. एवढ्या मोठ्या सौद्यानंतर तो एरवी पेढे आणायला पळाला असता, पण त्या दिवशी जेवताना त्यानं फक्त एक प्रश्न विचारला.

"मामांना कळलं का गं?"

"पहिल्या ठोक्याला," आशा म्हणाली आणि त्याला भात वाढला.

महिनाभरानं एकदा ती दळण घेऊन आली तर शिलाई मशिनीवर ते जुनं झाकण ठेवलेलं होतं, एकोणऐंशी सालचं. किशोरनं डब्यातून शोधून काढून ठेवलं होतं. त्याला तेवढंच जमत होतं. तिनं ते शालूच्या घडीखाली जिथल्या तिथं ठेवून दिलं.

दादा पुढच्या पावसाळ्यात घोटीलाच वारले. आशा गेली, बसली, सगळ्यांना पाणी दिलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका म्हणाल्या, धीराची आहे. धीर कसला, तिला नुसतं काही वाटत नव्हतं आणि आपल्याला काही वाटत नाही हेही तिला वाटत नव्हतं.

पितळेच्या झाकणाला मात्र तिनं दादा परत गेले त्याच आठवड्यात खिळ्यानं भोक पाडलं होतं आणि ते घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं होतं. कुलूप लावताना, काढताना, बाजारातून येताना ते हातात येई. मुलामा केव्हाच उडाला, पितळ उघडं पडलं आणि पिवळंधमक चमकू लागलं.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये एका दुपारी ती भाजी घेऊन जिना चढली. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातानं जुडग्यातली किल्ली चाचपत होती. अंगठा सवयीनं नावावरून गेला आणि अडखळला. तिनं पिशव्या खाली ठेवल्या, झाकण उजेडात धरलं. 'आ'चा काना गेला होता. दोन टिंबं कशीबशी उरली होती, बाकी जागा सपाट झाली होती. पाच वर्षं तिचाच हात लागून लागून गेला होता.

आशा जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. दादांसाठी, मांडवातल्या त्यांच्या हसण्यासाठी, त्या अर्ध्या तासासाठी. शेजारच्या सरुबाई आवाज ऐकून बाहेर आल्या, किल्ली हरवली का म्हणून विचारू लागल्या. आशानं मान हलवून नाही म्हटलं. सरुबाई शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं आशानं पदरानं तोंड पुसलं, पिशव्या उचलल्या आणि कुलूप उघडून ती आत गेली.